ताणाचे ओझे आणि मेंदूतील समुद्रघोडा

‘टेन्शन’ हा शब्द आता आपल्या घरांतील मराठीत पुरता मुरला आहे. दहावीतल्या मुलाला टेन्शन असते, त्याच्या आईला मुलाचे टेन्शन असते आणि जमिनीच्या वाटणीत अडकलेल्या आजोबांना तर अष्टौप्रहर तेच असते. घरांना आशीर्वाद देण्यासाठी आम्ही धर्मग्रामात फिरतो तेव्हा हा शब्द दर तिसऱ्या उंबरठ्यावर भेटतो. त्याच्या पाठोपाठ बहुधा आणखी एक वाक्य येते, तेही दबक्या आवाजात: ‘फादर, माझा विश्वासच कमी पडत असेल.’ कधी हे वाक्य त्या व्यक्तीचे स्वतःचे असते, तर कधी शेजारपाजाऱ्यांनी तिच्या पदरात टाकलेले असते. चिंता म्हणजे अविश्वास, रात्री झोप न येणे म्हणजे प्रार्थनेतील कसूर, असा हिशेब आपल्या समाजात फार सहजपणे मांडला जातो.

हा हिशेब कितपत खरा आहे, हे पाहण्यासाठी वाचकांना थोडा वेळ न्यूयॉर्क शहरातील एका प्रयोगशाळेत नेण्याचा आमचा विचार आहे. तेथील रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅक्यूएन या शास्त्रज्ञाने पन्नासहून अधिक वर्षे एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला. ताणाच्या वेळी शरीरात जी रसायने पाझरतात, ती आपल्या मेंदूचे काय करतात, हा तो प्रश्न.

मॅक्यूएन यांच्या आधी हान्स सेल्ये यांचे नाव घेतलेच पाहिजे. १९०७ साली व्हिएन्ना येथे जन्मलेले आणि प्राग येथे वैद्यक शिकलेले हे गृहस्थ पुढे कॅनडातील माँट्रियल शहरी मॅकगिल विद्यापीठात संशोधन करू लागले. उंदरांना ते ग्रंथींचे अर्क टोचत होते आणि एखादे नवे संप्रेरक, म्हणजे आपण ज्याला हॉर्मोन म्हणतो तो अंतःस्राव, हाती लागेल अशी त्यांची अपेक्षा होती. हाती लागले ते वेगळेच. अर्क कोणताही असो, उंदरांच्या शरीरात तेच तीन बदल दिसत: मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी फुगलेल्या, रोगप्रतिकाराशी निगडित थायमस ग्रंथी आक्रसलेली आणि पोटात व्रण. थंडी, जखम, अति श्रम यांनीही तेच घडे. १९३६ साली ‘नेचर’ या साप्ताहिकात त्यांनी एका छोट्या पत्राद्वारे ही गोष्ट जगापुढे मांडली, आणि पुढे अभियंत्यांच्या भाषेतील ‘स्ट्रेस’ हा शब्द त्यांनी वैद्यकात रुजवला. याच सेल्ये यांनी पुढे तंबाखू उद्योगाकडून संशोधनासाठी पैसा घेतला, हे नंतर उघड झालेल्या कागदपत्रांवरून दिसून आले. थोर माणसांच्या चरित्रातील अशी पाने आपण गाळू नयेत. त्यांच्या शोधाचे मोल मात्र त्यामुळे कमी होत नाही.

फुगलेल्या त्या ग्रंथींचे काम काय? गावात चर्चची घंटा अवेळी वाजली की जो तो हातातले काम टाकून धावतो. शरीरातही अशी एक घंटा आहे. संकट दिसताच मेंदूच्या तळाकडील हायपोथॅलॅमस हा भाग पिट्यूटरी ग्रंथीला खूण करतो, पिट्यूटरी रक्तावाटे अधिवृक्क ग्रंथींना निरोप धाडते आणि त्या कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक सोडतात. मग रक्तातील साखर वाढते, स्नायूंना बळ मिळते आणि पचन, वाढ, दुरुस्ती असली सावकाशीची कामे मागे पडतात. कॉर्टिसॉलला लोक उगाच शिव्याशाप देतात. ते नसते तर साध्या तापातूनही माणूस उठला नसता. पहाटे आपण जागे होतो तेही त्याच्याच भरतीवर. २०२० च्या महामारीत श्वास कोंडलेल्या रुग्णांना ज्या डेक्सामेथासोनने जीवदान दिले, ते औषधही याच घराण्यातील आहे. प्रश्न घंटेचा नाहीच. वाजू लागलेली घंटा थांबलीच नाही तर काय होते, हा प्रश्न आहे.

मॅक्यूएन यांचा जन्म १९३८ सालचा. ओहायो राज्यातील ओबर्लिन महाविद्यालयातून त्यांनी रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि १९६४ साली रॉकफेलरमध्ये डॉक्टरेट मिळवली. पेशीतील जनुके कशी चालू होतात आणि कशी बंद होतात, हा त्यांचा पहिला विषय होता. त्यानंतर काही काळ स्वीडनमध्ये राहून १९६६ साली ते रॉकफेलरला परतले, ते एका मानसशास्त्रज्ञाच्या, नील मिलर यांच्या विभागात. रसायन जाणणारा माणूस मनाचा अभ्यास करणाऱ्यांत जाऊन बसला, ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. त्या काळी हे दोन्ही प्रांत एकमेकांच्या बांधावरसुद्धा फारसे जात नसत.

१९६८ साली त्यांनी जे. वाइस आणि एल. श्वार्ट्झ या सहकाऱ्यांसह एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांमध्ये कॉर्टिसॉलचे काम कॉर्टिकोस्टेरॉन नावाचे संप्रेरक करते. ज्यांच्या अधिवृक्क ग्रंथी काढून टाकल्या आहेत अशा उंदरांना त्यांनी किरणोत्सर्गी खूण केलेले हे संप्रेरक टोचले आणि ते मेंदूत कोठे जाऊन थांबते ते तपासले. हायपोथॅलॅमसमध्ये थांबेल, अशी समजूत होती. शेवटी निरोप तेथूनच तर निघतो. परंतु ते गोळा झाले हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात. हे नाव सोळाव्या शतकातील एका इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञाने दिले. त्याचा अर्थ समुद्रघोडा. मेंदूच्या दोन्ही बाजूंस खोल दडलेला हा भाग खरोखरच त्या चिमुकल्या माशासारखा वळलेला दिसतो.

या समुद्रघोड्याचे काम तोपर्यंत थोडेफार कळले होते. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या फेफऱ्यावर उपाय म्हणून शल्यवैद्याने मेंदूचे हे भाग दोन्ही बाजूंनी काढून टाकले. झटके कमी झाले, पण नवी आठवण साठवण्याची शक्ती कायमची गेली. दहा मिनिटांपूर्वी भेटलेला माणूस त्याला पुन्हा अनोळखी वाटे. स्मरणाचे दार जेथे आहे, नेमक्या त्याच जागी ताणाचे संप्रेरक येऊन बसते, हे मॅक्यूएन यांनी दाखवले होते. मेंदू आज्ञा करतो आणि शरीर ती पाळते, ही एकेरी वाट त्या दिवशी दुहेरी झाली. कमरेच्या वरच्या अंगाला दडलेली नखभर ग्रंथी आता आपल्या आठवणींशी, शिकण्याशी आणि मनःस्थितीशी बोलू लागली होती.

सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस शिकलेल्या कोणालाही यात धक्का बसू नये. आत्मा हा शरीरात बसवलेला वाटाड्या नव्हे. शरीर आणि आत्मा मिळून एकच माणूस होतो, हे त्या संताने तेराव्या शतकातच ठासून सांगितले. तरीही व्यवहारात आपण दोहोंना वेगळे काढतो. दुखणे पायात असले की डॉक्टर बोलावतो आणि मनात असले की दोष शोधतो.

पुढची वीस वर्षे हा विषय हळूहळू पुढे सरकला. मॅक्यूएन यांचे विद्यार्थी रॉबर्ट सपॉल्स्की, ज्यांनी पुढे केनियातील बबून माकडांच्या अभ्यासाने नाव मिळवले, त्यांनी या प्रयोगशाळेत एक काळेकुट्ट चित्र रंगवले. संप्रेरकांचा मारा दीर्घकाळ चालला तर हिप्पोकॅम्पसमधील पेशी झिजतात, त्या झिजल्या की घंटा थांबवणारा हातच दुबळा होतो आणि मग संप्रेरके आणखी वाढतात. हे चक्र भयंकरच म्हणायचे. परंतु मॅक्यूएन यांच्याच प्रयोगशाळेत नंतर जे दिसले, त्याने या चित्रात प्रकाशाची एक फट पाडली.

ते पाहण्याचे साधन जुनेच होते. कामिल्लो गॉल्जी या इटालियन वैद्याने १८७३ साली चांदीच्या क्षारांनी मज्जापेशी रंगवण्याची एक रीत शोधून काढली होती. तिने हजारांतील थोड्याच पेशी रंगतात, पण ज्या रंगतात त्या मुळांसकट, फांद्यांसकट काळ्याभोर उमटतात. पावसाळ्याआधी आकाशावर उभे असलेले निष्पर्ण झाडच जणू. या रीतीने १९९० साली कॅथरिन वुली, एलिझाबेथ गूल्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवले की मादी उंदराच्या अवघ्या चार-पाच दिवसांच्या ऋतुचक्रात हिप्पोकॅम्पसच्या पेशींवरील सूक्ष्म कळ्या वाढतात आणि गळतात. प्रौढ मेंदू एकदा घडला की घडला, असे तोवर पाठ्यपुस्तके सांगत आली होती. येथे तर तो आठवड्याच्या आत फुलत आणि ओसरत होता.

१९९२ साली वातानाबे, गूल्ड आणि मॅक्यूएन यांनी ताणाचा प्रयोग केला. उंदरांना रोज ६ तास अरुंद नळीत अडकवून ठेवायचे, असे २१ दिवस. बाविसाव्या दिवशी हिप्पोकॅम्पसमधील पेशींच्या फांद्या आखूड झालेल्या आढळल्या. पेशी मात्र मेल्या नव्हत्या. झाडाने पाने गाळावीत तशी त्यांनी आपली पसर आवरून घेतली होती. अडकवणे थांबवले की पुढील काही दिवसांत फांद्या पुन्हा वाढत. मॅक्यूएन यांनी या आक्रसण्याकडे निव्वळ इजा म्हणून पाहिले नाही. अति माऱ्यापासून पेशी स्वतःला वाचवत असावी, असे त्यांचे म्हणणे होते.

त्या मुक्या जिवांचा विचार आमच्या मनात येतोच. प्राण्यांवरील प्रयोग मर्यादेत आणि मानवी प्राण वाचवण्यासाठी असतील तर ते नीतीला धरून आहेत, असे कॅथोलिक श्रद्धाग्रंथ सांगतो. त्यांना विनाकारण यातना देणे मानवाला शोभत नाही, असेही तो सांगतो. एवढे किंमत मोजून मिळालेले ज्ञान प्रयोगशाळेच्या कपाटात पडून राहू नये, असे आम्हाला वाटते.

या कथेत भारताचाही वाटा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र बंगळुरू येथे आहे. तेथे सुमंत्र चट्टर्जी, अजय व्यास आणि सहकाऱ्यांनी मेंदूतील दुसऱ्या एका भागाकडे लक्ष वळवले. बदामाच्या आकाराचा हा अमिग्डाला नावाचा भाग भीतीचे ठाणे मानला जातो. ज्या ताणाने हिप्पोकॅम्पसच्या फांद्या आखडतात, त्याच ताणाने अमिग्डालाच्या फांद्या उलट वाढतात, असे त्यांनी २००२ साली दाखवून दिले. स्मरणाचे झाड खुरटते आणि भीतीचे झाड फोफावते. २००४ साली त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली, आणि ती आम्हाला सर्वांत अस्वस्थ करते. ताण थांबवून २१ दिवस विसावा दिला तरी अमिग्डालातील वाढ ओसरली नव्हती आणि उंदरांचे भेदरलेपणही गेले नव्हते. दारुड्या नवऱ्याने दारू सोडली तरी दाराची कडी वाजताच पत्नीच्या काळजात धस्स होते. ‘आता सगळे ठीक आहे ना, मग अजून का घाबरतेस?’ असे तिला विचारणाऱ्या नातेवाइकांनी हा प्रयोग जरूर लक्षात घ्यावा.

माणसांचे काय? २००९ साली कॉनर लिस्टन, मॅक्यूएन आणि बी. जे. केसी यांनी मोठ्या परीक्षेच्या तयारीत महिनाभर गाडून घेतलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची तुलना निवांत तरुणांशी केली. परीक्षार्थींना एका कामावरून दुसऱ्या कामावर लक्ष वळवणे जड जात होते आणि कपाळामागील मेंदूच्या भागांतील परस्परसंबंधही क्षीण झाला होता. परीक्षा संपून महिनाभर विसावा मिळाल्यावर हा फरक पुसला गेला. बारावीच्या मुलाला महिनोन् महिने खोलीत कोंडून ‘अभ्यासात लक्षच नाही याचे’ म्हणणाऱ्या पालकांना आम्ही याहून अधिक काही सांगत नाही.

मॅक्यूएन यांच्या कार्याचा गाभा आमच्या मते १९९३ साली त्यांनी एलियट स्टेलर यांच्यासह लिहिलेल्या लेखात आहे. संकटाशी जुळवून घेताना शरीर आपले रक्तदाब, साखर, संप्रेरके बदलते आणि त्या बदलाची किंमत मोजते. ही किंमत वर्षानुवर्षे साचत गेली की तिचे ओझे होते. या ओझ्याला त्यांनी ‘अ‍ॅलोस्टॅटिक लोड’ असे नाव दिले. ‘लोड’ म्हणजे भार. कोणाला एकामागून एक धक्के बसतात. कोणाचा धक्का संपूनही घंटा वाजतच राहते. मग रक्तवाहिन्या, हृदय, कमरेभोवतीची चरबी, प्रतिकारशक्ती आणि मेंदू हे सारेच थोडे थोडे झिजतात. आजार एका दिवसात येत नाही. तो आत चढत जाणाऱ्या व्याजासारखा असतो.

भार म्हटला की तो कोणाच्या डोक्यावर किती, हेही विचारावे लागते. मॅक्यूएन यांनी ते विचारले. समाजशास्त्रज्ञांबरोबर बसून गरिबी आणि आरोग्य यांचा संबंध तपासणाऱ्या अभ्यासगटात ते काम करीत राहिले. कमी पगार, गोंगाटाची वस्ती, रात्रपाळी, अपुरी झोप, उद्याची शाश्वती नाही, ही सर्व त्यांच्या दृष्टीने जीवशास्त्राचीच कलमे होती. पहाटे चारला उठून नळाचे पाणी भरायचे, डबे करायचे, लोकलमध्ये लोंबकळत कामाला जायचे आणि परत आल्यावर अंथरुणाला खिळलेल्या सासूचे सर्व काही करायचे, अशा स्त्रिया कोणत्या धर्मग्रामात नाहीत? १९९५ साली अमेरिकेतील ओहायो येथे जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रियांच्या हाताला साडेतीन मिलिमीटरची एक लहानशी जखम करून ती भरायला किती दिवस लागतात ते मोजले. तशाच वयाच्या, पण तो भार नसलेल्या स्त्रियांपेक्षा त्यांना सरासरी ९ दिवस अधिक लागले. सेवा करणाऱ्या त्या स्त्रियांच्या प्रेमात किंवा श्रद्धेत उणे काय होते? उणा होता तो हातभार. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे आमचे सभासद तांदूळ आणि औषधांचे पैसे पोहोचवतात, हे उत्तमच आहे. एखाद्या रविवारी दुपारी रुग्णाजवळ बसून त्या घरातील सुनेला चार तास झोपू दिले, तर तेही त्याच खात्यात जमा व्हावे.

आता त्या पहिल्या वाक्याकडे वळतो. गेथशेमनीच्या बागेत प्रभू येशू व्याकूळ झाला आणि त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा भूमीवर पडला, हे संत लूक लिहितो. आणि परंपरेनुसार लूक हा वैद्य होता. तेथे विश्वास कमी पडला होता, असे म्हणण्याचे धाडस कोण करील? जुन्या करारातील एलिया संदेष्टा तर ईजबेल राणीच्या धमकीने पळत सुटला, रानातल्या एका झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. परमेश्वराच्या दूताने त्याला विश्वासावर प्रवचन दिले नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे मडके त्याच्या उशाशी ठेवले. त्याने खाल्ले, पुन्हा झोपला, दूताने पुन्हा उठवून खाऊ घातले. त्यानंतरच होरेब पर्वताची वाट आणि देवाचा प्रश्न. हा क्रम आम्हाला फार बोलका वाटतो.

संत थॉमस यांनीही आपल्या महाग्रंथात दुःखावरील उतारे सांगताना अश्रू, मित्रांची सहानुभूती आणि सत्याचे चिंतन यांच्याच पंक्तीला झोप आणि स्नान यांना बसवले आहे. सेमिनरीत हा भाग शिकताना वर्गात हशा पिकतो. मॅक्यूएन मात्र हसले नसते. ताणावर रामबाण गोळी नाही, झोप, नियमित चालणे, माणसांची सोबत आणि जगण्याला अर्थ असल्याची जाणीव यांनीच मेंदू पुन्हा सावरतो, हे त्यांनी आपल्या लेखांतून आणि सर्वसामान्यांसाठी २००२ साली लिहिलेल्या पुस्तकातून वारंवार सांगितले. नैराश्य खोल असेल तेथे औषध आणि तज्ज्ञ हवेतच, यात शंका नाही. प्रार्थना हवी हे तर आम्ही सांगणारच. पण जिला दोन रात्री झोप नाही तिला आधी झोपू द्यावे, एवढा विवेक एलियाच्या कथेतून घ्यायला हरकत नाही.

२ जानेवारी २०२० रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, मॅक्यूएन निवर्तले. अखेरपर्यंत ते त्याच विद्यापीठात काम करीत होते. त्यानंतर तीनच महिन्यांत टाळेबंदी आली, चर्चची दारे बंद झाली आणि साऱ्या जगाच्या घंटा एकदम वाजू लागल्या. त्या काळातील भेदरलेपण अजून कित्येक घरांतून गेलेले नाही. बंगळुरूच्या त्या प्रयोगानंतर त्याचे नवल वाटत नाही.

चालण्याविषयी मात्र एक सांगायचे राहिले. २०११ साली अमेरिकेतील कर्क एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १२० वयस्क माणसांचे दोन गट केले. एका गटाने वर्षभर आठवड्यातून तीन दिवस, ४० मिनिटे भरभर चालायचे, दुसऱ्याने नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करायचे. वर्षाअखेर चालणाऱ्यांचा समुद्रघोडा सुमारे २ टक्क्यांनी वाढला होता, दुसऱ्या गटाचा वयोमानाप्रमाणे थोडा आक्रसला होता. सकाळच्या मिस्साला ऊनपाऊस न पाहता पायी येणाऱ्या आमच्या आजीबाई तीन दिवसांचा हा नेम केव्हाच ओलांडून गेल्या आहेत. त्यांच्या डोक्यात समुद्रघोडा आहे आणि तो वाढतो आहे, असे सांगितले तर त्या पदर तोंडाशी धरून हसतील, आणि मिस्साची वेळ झाली म्हणून पुढे चालू लागतील.